तालुक्याच्या गावात फ्रीमेसन लॉज असावा का?

पऱ्हाटी
आर्वी तालुक्यातले आमचे एक निवृत्त मास्तर नागपूरच्या लॉजमध्ये फ्रीमेसन झाले. फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या बंधुसंघाचे सभासद, आणि लॉज म्हणजे त्या संघाची शाखा. गावात कुजबुज सुरू आहे की तिथे मंतर-तंतर चालतात. इंग्रजांच्या काळी अशा इमारतींना लोक 'जादूघर' म्हणत, तो संशय अजून गेला नाही. मला मात्र त्यांच्या कारभाराची घडी आवडली. १९६१ साली भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची संस्था, झालं, मुख्यालय दिल्लीत. त्याखाली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशी चार प्रादेशिक ग्रँड लॉज. नागपूरकडचे लॉज मुंबईखाली येतात. लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, वर्षभरासाठीच निवडतात. सोबत त्याच्या हाताखालचे दोन वॉर्डन, खजिनदार, सचिव, आणि दाराबाहेर पहाऱ्याला टायलर. आत धर्म-राजकारणावर वाद घालायला बंदी. आमच्या गावच्या सोसायटीत एकच माणूस वीस वर्षं खुर्चीवर आहे. असा लॉज तालुक्याला हवाच.

मोझरीचा वाटसरू
भाऊ, पहारा कशाला लागते, ते सांगा ना. नवा माणूस घ्यायचा की नाही हे ते पांढरे-काळे गोळे पेटीत टाकून गुपचूप मतानं ठरवतात. काळे गोळे पडले की माणूस बाहेर, कारण त्याला समजत नाही. ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, तिथे पुन्हा असं दार? तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. सामुदायिक प्रार्थनेला कोणीही येऊन बसते, जात इचारत नाही.

पऱ्हाटी
प्रार्थनेचा मान मोठाच आहे. पण लॉजमध्येही जात विचारत नाहीत. ईश्वरावर श्रद्धा हवी, तो कोणत्याही नावाचा असो. चौथऱ्यावर गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी ठेवतात. मुंबईत १८४३ मध्येच भारतीयांना प्रवेश देणारं लॉज निघालं होतं. गुप्त आहेत ते एकमेकांना ओळखायचे शब्द आणि खुणा, सभासदत्व नाही. आपण सभासद झालो हे मास्तरांनी स्वतःच गावात सांगितलं.

सोयाबीनवाली
दादा, तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडून राहिले. बाईला तिथे प्रवेशच नाही. तीन पायऱ्या असतात म्हणे: शिकाऊ, कारागीर, मग मास्टर मेसन. मला पहिलीसुद्धा चढता येत नाही. आमच्या बचत गटात हिशोबाची वही सर्वांसमोर वाचतात, अध्यक्ष बदलते, आणि जिला अक्षर येत नाही तीही आकडा विचारते. तुम्हाला सोसायटीतली खुर्ची हलवायची आहे ना? मग आमसभेत उभं राहून बोला. त्यासाठी लॉजच्या मास्टरचा कॉलर-एप्रनचा पोशाख लागत नाही.

पऱ्हाटी
ताई, बायकांचं म्हणणं मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वर्षाला माणूस बदलायचा नियम मी त्यांच्याकडूनच घेईन. सोसायटीच्या आमसभेत तोच ठराव मांडतो.

मोझरीचा वाटसरू
ठराव मांडा, मी अनुमोदन देतो. लॉजला माझा विरोध तसाच राहील.