दोन्हींचं इंजिन पाठीमागे, पण घराणं वेगळं

रेनो या फ्रेंच कंपनीची क्लिओ व्ही६ ही गाडी जुन्या रेनो ५ टर्बोचीच नवी आवृत्ती, असं काही जण म्हणतात. वरवर तसं वाटतं खरं. दोन्हींत मागची सीट काढून तिथे इंजिन बसवलंय आणि चालना मागच्या चाकांना. पण हेतू पार वेगळा.

५ टर्बो (१९८०) रॅलीसाठीच जन्मली. ग्रुप ४ या रॅलीच्या गाड्यांच्या वर्गाच्या नियमात बसायला ४०० गाड्या बनवणं भाग होतं, म्हणून ती रस्त्यावर आली. १९८१ साली ज्याँ रॅग्नोतीने तिच्यातून माँटे कार्लो रॅली जिंकून दाखवली. इंजिन जेमतेम १.४ लिटरचं, ताकद १६० अश्वशक्ती. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच नाही, आणि टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा झाला की एकदम पाठीत धपाटा! तो नेमका वळणाच्या मध्यावर बसला तर देवाचं नाव घ्यायचं.

क्लिओचा (२००१) तीन लिटरचा व्ही६ (सहा सिलिंडरचं इंजिन) टर्बोविना २३० अश्वशक्ती देतो. ओढ सलग, आवाज झकास. पण वजन १३०० किलोच्या वर आणि यू-टर्नला ट्रकएवढी जागा. पहिली आवृत्ती जरा बेभरवशाची. २००३च्या गाडीत सस्पेन्शन सुधारलं, ताकदही २५५वर गेली. चालवायला घ्यायची तर हीच.

संग्रहाला मात्र माझं मत टर्बोला, तेही पहिल्या. तिचं छप्पर आणि दारं ॲल्युमिनियमची. नंतरच्या आवृत्तीत, म्हणजे टर्बो २मध्ये, खर्च वाचवायला तिथे पोलाद आलं. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. दाराला चिकटला, तर पहिलीचा भाव मोजू नका.