वाऱ्याची दिशाही बघा

ऑक्टोबरात नागपूरचं कमाल तापमान ३२-३३ अंशांवर असताना मुंबईतलं सांताक्रूझ ३६ च्या पुढे कसं, किनाऱ्याची हवा तर सम असते ना, आणि मग हे सगळं सिमेंटच्या जंगलामुळेच, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. शहरीकरणाचा वाटा आहेच, पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. तसं असतं तर रत्नागिरीचा पारा त्याच दिवसांत तितकाच का चढतो? खरं कारण वाऱ्यात आहे. पाऊस माघारी गेला की पूर्वेकडून कोरडा वारा सुरू होतो. सह्याद्री उतरताना हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. त्यात हाच वारा समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला थोपवून धरतो. खारं वारं अकराच्या सुमारास आलं तर पारा ३३ वर अडतो, दोन-अडीचपर्यंत रेंगाळलं तर ३६-३७ ठरलेलेच. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, म्हणून तिथला आकडा बहुतेक वेळा सांताक्रूझपेक्षा कमी.

आमच्या दापोलीकडे भातकापणीच्या दिवसांत हे अंगावर कळतं. सकाळी कापून पसरलेला पेंढा दुपारपर्यंत कडकडीत वाजायला लागतो, ओठ फुटतात. मग अचानक पश्चिमेची झुळूक येते आणि तासाभरात हवा दमट. गंमत म्हणजे रात्री याच कोरड्या हवेत जमीन झपाट्यानं निवते, पहाटे गोधडी लागते. त्यामुळे या चर्चेत प्रदेशांची तुलना करताना नुसतं कमाल तापमान टाकू नका. किमान तापमान आणि दुपारी वारा कधी फिरला ती वेळ, एवढं प्रत्येकानं जोडलं तरी खूप उलगडेल.