मदत हवी आहे: ईगल स्काउट प्रकल्प, एलिफंट माउंटनच्या बी-५२ क्रूचं स्मारक

तळ्याकाठी
मुलगा लाइफ स्काउट आहे, म्हणजे ईगल या स्काउटिंगमधल्या सर्वोच्च पदाच्या एक पायरी खाली. ऑक्टोबरात १८ पूर्ण होतील. अमेरिकेच्या मेन राज्यात ग्रीनव्हिलजवळ एलिफंट माउंटनवर २४ जानेवारी १९६३ ला हवाई दलाचं बी-५२सी बाँबफेकी विमान कोसळलं, त्याच्या क्रूचं स्मारक त्याला ईगलसाठी करायचंय. त्याच्या डोक्यात आहे ते असं: अवशेषांशेजारी काँक्रीटचा चौथरा आणि वर नावांची पितळी पाटी. परवानग्या कुठून सुरू करायच्या? पाया किती खोल? आणि नावं कुठून पडताळायची?

पाटावरवंटा
चौथऱ्याचं आधी डोक्यातून काढा. तिथे स्लेटच्या दगडाचं स्मारक आधीच आहे, आणि तुकडे झाडीत दूरवर विखुरलेत. शेजारी खणायला गेलात की एखादा तुकडा हलणारच. अवशेषांना हात लावायचा नाही, 'जरा नीट मांडून ठेवू' म्हणूनसुद्धा नाही. त्यापेक्षा पायवाट सुरू होते तिथे माहितीफलक करा. जागेचा आजचा मालक कोण ते शोधा. तोच तुमचा 'बेनिफिशियरी', म्हणजे ज्याच्यासाठी प्रकल्प करायचा तो.

कागदाचा क्रम चुकला तर सगळं वाया जातं. ईगल प्रकल्पाच्या छापील वर्कबुकातल्या प्रस्तावावर बेनिफिशियरी, युनिट (मुलाचं स्काउट पथक) लीडर, युनिट कमिटी आणि कौन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (स्काउटची स्थानिक कार्यालयं) अशा चार सह्या लागतात, त्याही कामाला हात लावण्यापूर्वी. बाहेरून जमवलेले पैसे आणि सामान मिळून ५०० डॉलरच्या वर जात असतील तर निधीचा अर्ज वेगळा. घरचे, युनिट आणि बेनिफिशियरी यांनी दिलेलं त्यात धरत नाहीत. तासांची किमान अट नाही, पण काम त्यानं इतरांकडून करून घेतलेलं दिसलं पाहिजे. बाबांनी खड्डे खणले आणि मुलानं फोटो काढले, असं चालत नाही. काम अठराव्या वाढदिवसाआधी संपायला हवं. बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे पदासाठीची शेवटची मुलाखत, नंतर झाला तरी चालतो.

गिलावा
पायाचं सांगतो. त्या भागात जमीन चार-पाच फूट गोठते, म्हणून ५ फूट धरा. १६ इंची खड्डा, त्यात १२ इंची पुठ्ठ्याची नळी, बाहेरून खडी. एका नळीत ३.९ घनफूट काँक्रीट बसतं. ८० पौंडी पिशवीतून ०.६ घनफूट निघतं, म्हणजे खड्ड्याला ७, दोन खांबांना १४ पिशव्या. हे झाले ११२० पौंड, पाणी वेगळं. वर डोंगरात कोण वाहणार? पाटावरवंटा म्हणतात ते या हिशेबानंही बरोबर आहे.

नळी वाचवायला जाऊ नका. नुसत्या खड्ड्यात ओतलं की वरच्या तोंडाशी काँक्रीट पसरून अळंबीसारखी टोपी तयार होते. गोठलेली माती त्या टोपीला खालून उचलते आणि दोन-तीन हिवाळ्यांत फलक तिरका होतो. पिशवीमागे पाणी तीन क्वार्टपासून सुरू करा. पातळ केलं तर ओतायला सोपं, पण बर्फात पापुद्रे सुटतात. रात्री पारा ४० फॅरनहाइटखाली जाणार असेल तर ओतूच नका. म्हणजे ऑक्टोबरची वाट न बघता ऑगस्टातच उरका.

खणण्याआधी जागेवर पांढऱ्या खुणा करून ८११ ला (जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवणारी सेवा) फोन, तीन कामाचे दिवस आधी. पॉवर ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं यंत्र, मोठ्यांच्याच हाती.

तळ्याकाठी
पितळी पाटीऐवजी काय घ्यावं? आणि खांब लाकडी चालतील का?

गिलावा
अर्धा इंच जाडीचं लॅमिनेट, २४ बाय ३६ इंच. खालची कड जमिनीपासून साधारण ३० इंच, म्हणजे व्हीलचेअरवरूनही वाचता येतं. उतार ३० ते ४५ अंश. पितळ चोरीला जातं.

लाकूड चालेल, पण प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं असतं. ॲल्युमिनियमची चौकट थेट टेकवली की ती खाल्ली जाते. मध्ये नायलॉनचे वॉशर, स्क्रू स्टेनलेसचे आणि खास बिटाशिवाय न निघणारे. लॅमिनेटची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा, उन्हाळ्यात ते फुगतं. घट्ट आवळलं तर कोपऱ्यातून तडा जातो.

जुनी_कात्रणं
नावांचं. अपघाताचा अहवाल हवाई दलाकडे माहिती अधिकारात मागा, तोही आजच, कारण उत्तराला महिने लागतात. 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट' शोधत बसू नका. ते दुसऱ्या महायुद्धाचे. हुद्दे अपघाताच्या दिवशीचे लिहा.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: विमानात नऊ जण होते, सात गेले. वैमानिक डॅन बुली आणि नॅव्हिगेटर जेराल्ड ॲडलर वाचले. ॲडलर यांची हवाई छत्री उघडलीच नव्हती, खुर्चीसकट खोल बर्फात पडले. नऊच्या नऊ नावं सरसकट 'स्मृतीस' म्हणून कोरू नका. सात एका गटात, दोघं खाली वेगळे, मध्ये स्पष्ट रेघ.

कारणाला दोन वाक्यं पुरेत. वेस्टओव्हर हवाई तळावरून निघालेलं विमान कमी उंचीवरून उडण्याचा सराव करत होतं, हवेच्या जोरदार खळबळीत उभं शेपूट तुटलं. हवं तर पुढचा धागा जोडा: १० जानेवारी १९६४ ला चाचणीतल्या एका बी-५२एच चं शेपूटही असंच गेलं, पण ते सुखरूप उतरलं. तीन दिवसांनी मेरीलँडमध्ये सॅव्हेज माउंटनवर बी-५२डी पडलं, तेव्हाही शेपूटच. बाकी तांत्रिक तपशील नको. एकूण मजकूर दीडशे शब्दांच्या आत, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नाही.

पाटावरवंटा
छापायला टाकण्याआधी प्रूफवर मालकाची सही घ्या. एका नावात स्पेलिंग चुकलं तर अख्खं लॅमिनेट परत छापावं लागतं, त्यावर चिकटपट्टी लावता येत नाही.