मुंबई–टोकियो : जाताना आठ तास, येताना दहा

काल रात्री लेकीला टोकियोच्या विमानात बसवून आले, झोप लागेना म्हणून फोनवर तिच्या विमानाचा ठिपका बघत बसले. बंगालचा उपसागर ओलांडून म्यानमारवर गेला आणि एकदम 2009 आठवलं, तेव्हा ही दीड वर्षाची, माझ्या मांडीवर. जाताना आठ तास, पोरगी झोपून. परतीला जानेवारीत दहा तास लागले, शेवटचे दोन तास रडून रडून लाल झाली. शेजारच्या जपानी आजींनी तिला कडेवर घेतलं, मागे पडद्यापाशी उभ्या उभ्या झुलवत राहिल्या, भाषा काही नाही नुसतं हं हं हं. त्यांचं नावही विचारलं नाही मी, अजून चुटपुट लागते. तुमचेही अनुभव लिहा ना.

डोंबिवलीकर
अगदी अगदी! जाताना स्क्रीनवर ताशी 1,050 किमी दाखवत होतं, येताना साडेसातशे. अंतर तेच, 6,800 च्या आसपास. पृथ्वी फिरते म्हणून का हो असं?

पावसाळी
नाही हो, हवा पृथ्वीबरोबरच फिरते. हे जेट स्ट्रीममुळे. 9-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा सुटलेला असतो, हिवाळ्यात जपानवर तर फारच जोरात. ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात त्सुकुबाजवळ फुगे सोडून तो मोजला होता, पण अहवाल छापला एस्परांतो नावाच्या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, बाहेर कोणी वाचलाच नाही. फार वाईट वाटतं मला त्यांच्यासाठी.

कोथिंबीर
आमचं सिंगापूर. 3,900 किमी, साडेपाच तास. बाबांना ॲडमिट केल्याचा फोन पहाटे आला, तिकीट मिळेपर्यंत दुपार, मग चेक-इन, मग मुंबईहून सातारा रस्त्याने. घड्याळ अडीच तास मागे केलं तेव्हा वेड्यासारखं वाटलं की तेवढा वेळ हातात जास्त मिळाला. नाही पोचले वेळेवर.

डोंबिवलीकर
कोथिंबीर, काय बोलू. काळजी घे गं.

निशीकासाईवाली
ताई, लेक कुठे राहणार? आमच्याकडे टोकियोत निशी-कासाई भागात डाळ-तांदूळ, कढीपत्ता सगळं मिळतं, काळजी नको. नारिता विमानतळावरून शहर साठेक किलोमीटर आहे, तो वेळ धरत नाही कोणी, घरी पोचायला आणखी दोन तास धरा. आणि व्हेज जेवण आधी सांगून ठेवलं होतं ना? आयत्या वेळी सांगून मिळत नाही, मी एकदा ब्रेड-बटरवर आले.

धागाकर्ती
हो सांगितलंय. कोथिंबीर, तुझं वाचून पोटात तुटलं गं. आत्ताच मेसेज आला, उतरली, इमिग्रेशनच्या रांगेत आहे. लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये टाकलीय, तेल गळलं नसेल ना?

निशीकासाईवाली
झाकणाखाली प्लास्टिक लावलं होतं का?