मिनिमम बॅलन्सच्या नावाखाली कापलेले पैसे बँकेकडून परत मिळाले का? अनुभव लिहा

परवा आईचं पासबुक भरून आणलं आणि बघते तर शिल्लक मायनसमध्ये! ओव्हरड्राफ्ट कुणी मागितलाच नव्हता, शिल्लक कमी पडली म्हणून दर महिन्याला दंड कापत गेले आणि शून्याच्याही खाली नेलं. आरबीआयचा २०१४ चा नियम आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू, नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. ब्रांचला लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि अकराव्या दिवशी सगळे पैसे परत आले. आईला त्या पैशांपेक्षा आपलं ऐकून घेतलं याचं जास्त समाधान वाटलं. तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा, नकार मिळाला असेल तरी लिहा.

---

माझं सॅलरी खातं होतं, नोकरी बदलली आणि पगार यायचा थांबला तसं बँकेने गुपचूप साधं बचत खातं करून टाकलं. वर्षभराने एका कामाचे पैसे त्यात आले आणि आल्या आल्या जुन्या दंडापोटी निम्मे गायब, मी हादरलोच. मॅनेजरसाहेबांना एकच विचारलं, मला नोटीस कधी पाठवली ते दाखवा. कारण आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभर द्यायचा आणि मगच दंड लावायचा असं त्याच नियमात आहे. एसएमएस जुन्या नंबरवर गेले होते, नंबर बदलल्याचं मी कळवलं नव्हतं, ती माझी चूक. शेवटी अर्धे पैसे मिळाले.

---

मला कस्टमर केअरच्या एका फोनवर ५९० मिळाले. ५०० दंड आणि ९० जीएसटी. आधी फक्त ५०० जमा झाले होते, जीएसटीसाठी परत फोन करावा लागला, तेव्हा तेही बघा.

---

आमच्या ब्रांचने सरळ हात वर केले, सिस्टीम कापते म्हणाले आम्ही काय करणार. मी रागाच्या भरात थेट आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली तर ती निकालीच काढली, कारण आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. मग सगळं नव्याने केलं. बँकेला ईमेल, सोबत दोन वर्षांचं स्टेटमेंट आणि प्रत्येक कपातीची तारीख नि रक्कम वहीत लिहून त्याचा फोटो. ३० दिवसांत उत्तर नाही म्हटल्यावर पुन्हा लोकपालाकडे. फी नाही, वकील नाही. तीन आठवड्यांत बँकेतूनच फोन आला, ताई तक्रार मागे घ्याल का. मी म्हटलं आधी पैसे जमा करा. दुसऱ्या दिवशी जमा! माझं कळकळीचं सांगणं आहे, काउंटरवर तोंडी भांडण्यात दिवस घालवू नका, पहिल्या दिवशीच लिहून द्या.

---

मला काहीच मिळालं नाही. दर महिन्याचे एसएमएस आले होते, मीच वाचले नव्हते आणि खातंही मायनसमध्ये गेलेलं नव्हतं. पण त्या निमित्ताने बेसिक बचत खातं करून घेतलं, त्याला मिनिमम बॅलन्सची अटच नसते. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

---

वडिलांचं खातं दोन वर्षांपेक्षा जास्त वापरात नव्हतं, तरी दंड चालूच. निष्क्रिय खात्यावर असा दंड लावता येत नाही, १ एप्रिल २०२४ पासूनचा नियम आहे. अर्जात तेवढं एक वाक्य लिहिलं, पुरलं.

---

माझं खातं आत्ता मायनसमध्ये आहे आणि बंद करायचं तर आधी मायनस भरा म्हणतायत. काय करू?

---

लगेच भरू नका. आधी स्टेटमेंट काढा आणि तो मायनस नुसत्या दंडाचा आहे का बघा. तसा असेल तर तो काढून खातं बंद करा असा अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का मारून घ्या. आईच्या अर्जाचा मजकूर हवा असेल तर सांगा, देते.