थिन-फिल्म सोलर पॅनेल: माल खरंच संपत आलाय का? (देवगड)

खाडीकाठ:
नमस्कार. घर देवगडजवळ, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मूळ घर कौलारू, पण मागच्या पडवीवर स्लॅब आहे. तिथे ३ किलोवॉट सोलर बसवायचं आहे. एका विक्रेत्याने थिन-फिल्म (काचेवर वीज बनवणारा अगदी पातळ थर दिलेलं पॅनेल) सुचवलं. म्हणाला, यात टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य लागतं, ते संपत आलंय, चीनने बंद केलंय, दर वाढायच्या आत याच आठवड्यात आगाऊ भरा. आईची ठेव मोडून पैसे द्यायचे आहेत, म्हणून विचारतोय.

रसायनताई:
ठेव मोडू नका, आधी हे वाचा.

टेल्युरियम दुर्मीळ आहे हे खरं. त्याची वेगळी खाण जवळजवळ नसतेच. तांबं विजेने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी गाळ बसतो, त्यातून ते काढतात. त्यामुळे भाव चढला तरी पुरवठा लगेच वाढत नाही. टेल्युरियमसाठी म्हणून कोणी जास्त तांबं गाळत नाही. सर्वांत मोठा उत्पादक चीन. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने टेल्युरियम, इंडियम वगैरेंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. परवाना म्हणजे बंदी नव्हे.

आता तुमच्या छपरापुरता हिशोब करू. या पॅनेलमध्ये वीज बनवणारा थर कॅडमियम टेल्युराइडचा, म्हणजे कॅडमियम आणि टेल्युरियमच्या संयुगाचा असतो. तो ३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) धरला तर एका चौरस मीटरला टेल्युरियम ९ ग्रॅमच्या आसपास लागतं, तोळाभरही नाही. ३ किलोवॉटला साधारण १७ चौरस मीटर, म्हणजे सगळं मिळून दीडशे ग्रॅम. पॅनेलचं वजन बहुतेक काचेचंच. टंचाईचा फटका बसतो तो कारखान्याला, वर्षाला किती गिगावॉट बनवायचे याला. चेन्नईजवळ फर्स्ट सोलरचा ३.३ गिगावॉटचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण असा माल मुख्यतः मोठ्या प्रकल्पांना जातो. तुमच्या विक्रेत्याकडे तो कुठून आला आणि हमी कोण देणार, हे लेखी घ्या.

मालवणचा वायरमन:
ताई बरोबर सांगतायत. दादा, घरासाठी नेहमीचं सिलिकॉनचं पॅनेल घ्या, डबल ग्लास म्हणजे दोन्ही बाजूंनी काच असलेलं. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. खाऱ्या वाऱ्याची आयईसी ६१७०१ चाचणी झालीय का, तेही बघा.

आणि खरा पैसा स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल धरणाऱ्या सांगाड्यावर घाला. गेल्या महिन्यात तारकर्लीत एक जुनं स्ट्रक्चर उघडलं. पॅनेल ठणठणीत. बोल्टला पाना लावला तर डोकंच तुटून हातात आलं, क्लॅम्पखाली मिठाचा पांढरा थर. अँगल हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) हवेत, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. पाऊस नसतो त्या महिन्यांत पॅनेल अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायचे, सकाळी ऊन चढायच्या आत.

खाडीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. विक्रेत्याकडे कंपनीचं नाव आणि हमीपत्र मागितलं, "उद्या पाठवतो" म्हणाला. आगाऊ देणार नाही, असं सांगून टाकलं. वायरमन दादा, इथल्या दुकानात ३१६ मागितले की ३०४ पुढे करतात, चुंबक लावून दाखवतात.

मालवणचा वायरमन:
चुंबकावर जाऊ नका, तो दोन्हींना धड चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावर बघा: ए४ कोरलेलं असेल तर ३१६, ए२ असेल तर ३०४. कोल्हापूरहून मागवा, आणि मोजून लागतील त्यापेक्षा दहा-बारा जास्त घ्या.