छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची टेस्टिंग रूम उघडली आहे: काय चाखावं, काय विचारावं?

आंबटगोड
मंडळी, सल्ला हवा आहे. जवळच्या एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची बिअर मी बरेच दिवस कॅनमधून पीत आलोय. आता त्यांनी ब्रुअरीतच टेस्टिंग रूम सुरू केली आहे. काचेपलीकडे टाक्या दिसतात, नळांवर बऱ्याच बिअर आहेत आणि फळ्यावर सारखं काहीतरी नवं लिहिलेलं असतं. ही माणसं मन लावून काम करतात हे दिसतं, म्हणून एकदा जाऊन, चाखून विसरून जायचं नाहीये. त्यांची बिअर कशी बदलते, कशी सुधारते हे नीट बघायचंय. पहिल्या खेपेला काय मागवू? ब्रुअरशी बोलायची संधी मिळाली तर काय विचारू? आणि एखादी बिअर विचित्र लागली, तर ती बिघडलेली आहे की मलाच ती पद्धत आवडत नाही, हे कसं ओळखायचं?

टाकीजवळ
फळ्यावरचं सगळ्यात साधं नाव मागवा. पिल्सनर असेल तर पिल्सनर, नाहीतर कोल्श, ब्लाँड एल, जे फिकट आणि हलकं असेल ते. भरपूर हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) आयपीएमध्ये किंवा भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेलं धान्य) काळ्या स्टाउटमध्ये लहानसहान दोष झाकले जातात. पिल्सनरमध्ये झाकायला काही नसतं. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट, यातलं एक जरी बिनसलं तरी जिभेला कळतं. १८४२ मध्ये आताच्या चेकियातल्या प्लझेनला योझेफ ग्रोलने पहिली पिल्सनर काढली. तिथलं पाणी कमालीचं मृदू, म्हणून फिकट माल्ट आणि साझ हॉप्सची कडवट चव घशाला न टोचता उतरते. तुमच्या ब्रुअरीतल्या पिल्सनरचा कडवटपणा जिभेवर खरखरीत राहतो की स्वच्छ निघून जातो, हे बघा. पाण्यावर त्यांनी किती काम केलंय याचा अंदाज तिथेच येतो.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. छोट्या ब्रुअरीने लागर (पिल्सनर हा त्यातलाच प्रकार) करणं ही मोठी गोष्ट आहे. एल साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. लागर ८ ते १३ अंशांना सावकाश आंबते आणि मग शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरते. ज्याच्याकडे मोजून चार टाक्या आहेत त्याने एक टाकी दीड-दोन महिने अडकवून ठेवायची म्हणजे तेवढ्यात निघाल्या असत्या अशा दोन-तीन एलवर पाणी सोडायचं. एवढं करून कोणी लागर ठेवत असेल तर ती आधी प्या.

आणि मग प्रत्येक खेपेला तीच बिअर पुन्हा मागवा. नवी नावं चाखा, पण सुरुवात तिच्यापासून. ब्रुअरीवर लक्ष ठेवायचं असेल तर याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. बॅच बदलली का ते विचारत राहा. माल्टचा नवा साठा येतो, हॉप्सचं नवं पीक येतं, यीस्टची पुढची पिढी वापरली जाते. टाकीच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून ते पुढच्या बॅचला घालायची पद्धत आहे, आणि पिढ्या वाढत गेल्या की त्याचा स्वभाव बदलू शकतो. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. दर बॅचला तीच चव देणं ब्रुअरच्या हातात आलं ते त्यानंतर. मोठ्या कारखान्यात या कामाला स्वतंत्र प्रयोगशाळा असते. छोट्या ठिकाणी तोच माणूस सकाळी टाकी धुतो, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघतो आणि संध्याकाळी तुमचा ग्लास भरतो. तिसऱ्या-चौथ्या बॅचलाही चव तशीच मिळाली तर बेलाशक समजा, हात पक्का आहे.

हॉप्सवेल
वरच्या सल्ल्याबद्दल आदर आहे, पण टेस्टिंग रूमला जाऊन आयपीए मागे ठेवायची हे मला पटत नाही. कॅनमधून तुम्ही पीत होता ती आयपीए किती जुनी होती कोण जाणे. हॉप्सचा सुगंध त्यातल्या तेलांचा असतो आणि ती तेलं फार नाजूक. प्राणवायू आणि उष्णता लागली की आधी लिंबू-संत्र्यासारखा ताजा वास जातो, मग चव गोडसर, जड होते. ब्रुअरीत केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, थंड खोलीतून काही पावलांवरच्या नळाला येतो. मधे ट्रक नाही, गोदाम नाही. ड्राय हॉपिंग केलेली, म्हणजे उकळून झाल्यावर सुगंधासाठी पुन्हा हॉप्स घातलेली बिअर तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसांत प्यायची जागा हीच.

एकच प्रश्न विचारा: हा केग कधी भरला? खुशीने तारीख सांगणारी माणसं बिअरची काळजी घेतात, हा माझा अनुभव आहे. कॅन घेतानाही तळाला किंवा अंगावर भरल्याची तारीख शोधा. तारीखच छापत नसतील तर छापा म्हणून सांगा. गिऱ्हाइकांनी मागितलं की छोट्या ब्रुअरी ऐकतात.

शांतरस
बिघडली की आवडली नाही, या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

ग्लास हातात आला की आधी काच बघा. बुडबुडे आतल्या बाजूला चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात फेस प्रत्येक घोटागणिक जाळीदार कडं मागे ठेवत खाली जातो. ग्लास मळका असेल तर बिअरला दोष देण्याआधी दुसरा ग्लास मागा.

मग वास. ग्लासवर तळहात ठेवून हलकेच फिरवा, हात काढा आणि लगेच हुंगा. लोण्याचा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा आला तर तो डायअसिटिल. आंबताना यीस्टच तो तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर परत शोषूनही घेतं, म्हणून फिकट लागरमध्ये तो लागला की बिअर घाईने थंड केली असावी अशी शंका येते. पण केगपासून नळापर्यंतच्या नळ्या घाण असल्या तरी तोच वास येतो. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएस या गंधकाच्या संयुगाचा. फिकट माल्टचा काढा पुरेसा उकळला नाही की तो राहतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अ‍ॅसेटाल्डिहाइड, बिअर अजून कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे प्राणवायू शिरून बिअर शिळी झाली. व्हिनेगरसारखी आंबट झाक साध्या एलमध्ये आली तर नळी किंवा नळाचं तोंड तपासायला हवं. नळ्या निदान दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवाव्यात असा प्रघात आहे.

उन्हात ठेवलेल्या बाटलीला एक उग्र, सडका वास येतो. प्रकाशामुळे हॉप्समधले घटक तुटून गंधकाचं एक संयुग बनतं. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी फारसं नाही. कॅनला आणि केगला ही भीतीच नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग लागणं हा दोष नाही, त्या यीस्टचं ते कामच आहे. बेल्जियन सेझोंमध्ये मिरीसारखा तिखटपणा असतो. बर्लिनर वाइसे ही जर्मन बिअर आंबटच असते. म्हणून आधी विचारा, ही कोणत्या पद्धतीची आहे. मग ठरवा.

पिंपळपान
छोटंसं सांगतो. चाखायच्या ट्रेमध्ये १००-१२० मिलीचे चार ग्लास म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, आणि त्यात एखादी ९ टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट असेल तर ते अजिबात हलकं नाही. हलक्यापासून सुरू करून कडक आणि कडवट शेवटी घ्या, मधे पाणी प्या, आणि परत जाताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. स्टाउट थंडगार आली तर ग्लास हातात धरून थोडी वाट बघा. १०-१२ अंशांच्या आसपास माल्टची चव उघडते.

आंबटगोड
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. दोष आढळला तर तो ब्रुअरला कसा सांगायचा? त्याच्या कष्टांचा अपमान होऊ नये असं वाटतं. आणि नोंदी कशा ठेवायच्या?

टाकीजवळ
नोंदींसाठी वही पुरे. तारीख, बिअर, केग भरल्याचा दिवस आणि दोनच ओळी: वास काय आला, घोट गिळल्यावर मागे काय उरलं. तारे किंवा गुण देऊ नका. चार महिन्यांनी "साडेतीन" वाचून काही आठवत नाही, "मागे सुक्या गवतासारखं काहीतरी राहिलं" हे वाचलं की ग्लास डोळ्यांसमोर येतो.

दोष सांगताना निकाल देऊ नका, वास सांगा. "ही खराब आहे" म्हटलं तर समोरचा बचावाला उभा राहतो. "मागच्या वेळी नव्हता असा लोण्याचा वास आज येतोय, तुम्ही जरा हुंगून बघाल का?" असं म्हटलं तर चांगला ब्रुअर ग्लास स्वतः नाकाला लावतो. मग तो सरळ नळाकडे किंवा टाकीकडे जातो, कारण अख्खी बॅच हातची जाण्यापेक्षा आत्ता कळलेलं त्याला हवं असतं. हे गर्दीच्या वेळी, चार लोकांसमोर करू नका. दुकान नुकतं उघडलं असताना किंवा आठवड्यातल्या शांत दिवशी जा. पाककृती मागू नका. "या बॅचला काय बदललं?" आणि "सध्या कुठली बिअर तुम्हाला त्रास देतेय?" हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर ब्रुअर खुर्ची ओढून बसलेले मी पाहिलेत.

आणि आवडलेली बिअर आवर्जून विकत घ्या, तिथेच. मधला व्यापारी नसल्याने टेस्टिंग रूममध्ये विकलेल्या ग्लासातलं ब्रुअरीच्या हाती जास्त उरतं, आणि छोट्या ब्रुअरीला पुढची टाकी घ्यायला तेच उपयोगी पडतं.

हॉप्सवेल
टाकीजवळ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: नळावरून ग्राउलर (घट्ट झाकणाची मोठी बाटली) भरून नेणार असाल तर भरताना त्यात थोडा प्राणवायू शिरतोच. लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा, आणि एकदा उघडला की त्याच दिवशी. साठवून ठेवायचं असेल तर कॅन घ्या.